सहा कोरची केबल तपासणारा टेस्टर स्वतः बनवा

ठिबकवर ऑटोमेशन बसवलेल्या मोसंबीच्या बागेत पाच व्हॉल्व्ह असतील, तर कंट्रोलरच्या पेटीपासून बागेपर्यंत सहा कोरची केबल लागते. प्रत्येक सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हला एक वायर आणि सगळ्यांना मिळून एक कॉमन. ही केबल चारीत, काळ्या मातीत पुरलेली असते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते, आणि दोन्ही वेळा केबलला ओढ बसते. उंदीर कुरतडतात, मशागतीत अवजार लागतं, जॉइंटवरची टेप सुटून पाणी शिरतं. मग तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडतच नाही, नाहीतर दोन नंबर चालू केला की त्याच्यासोबत चार नंबरही उघडतो.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या लहान युनिटमध्ये वायर हार्नेस, म्हणजे कनेक्टर लावलेले वायरींचे जुडगे, बनवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे केबल डोळ्यासमोर टेबलावर असते, पण एकामागून एक शेकडो तपासायच्या असतात.

दोन्हीकडे हातात असतो तो मल्टीमीटर. त्याची बीप ऐकून सहा वायरी तपासायला दोन मिनिटं लागतात आणि केबल चांगली आहे असं आपण म्हणतो. इथेच गडबड आहे. बीप मारून आपण एवढंच पाहिलेलं असतं की जे जोडलेलं हवं ते जोडलेलं आहे. जे जोडलेलं नको, ते खरंच सुटं आहे का, हे पाहायचं राहून जातं. सहा वायरींमध्ये दोन-दोनच्या १५ जोड्या होतात, चोवीस वायरींमध्ये २७६. एवढ्या जोड्या हाताने कोणी तपासत नाही. मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चढवता येणारी छोटी चिप, हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो, आणि केबल टेस्टर बनवायचा तो खरं तर याचसाठी.

इथे सांगितलेला टेस्टर सहा कोरचा आहे. आयटीआयच्या मुलांनी, ठिबकची कामं घेणाऱ्या मिस्त्रींनी किंवा ज्यांनी आर्डुइनोवर फक्त एलईडी लुकलुकवून पाहिला आहे अशा कोणीही तो हाती घ्यावा. सोल्डरिंग जमत असेल तर दोन सुट्ट्यांत होतो.

सामान काय लागेल

मुख्य बोर्ड आर्डुइनो नॅनो. त्यावर एटीमेगा ३२८पी ही चिप आहे. उनो घेऊ नका, नॅनोच घ्या. नॅनोला ए६ आणि ए७ हे दोन जादा अॅनालॉग पिन आहेत आणि आपल्याला दोन्ही लागणार आहेत. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त नॅनो सीएच३४० ही यूएसबी चिप वापरतात. संगणकाने बोर्ड ओळखला नाही तर आधी तिचा ड्रायव्हर टाका. प्रोग्रॅम चढताना एरर आली तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरच्या यादीतून ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्याय निवडून पाहा. तरीही जमलं नाही तर यूएसबी केबल बदला. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या वायरी नसतात.

बाकीचं सामान असं: ३३० ओहमचे तेरा रेझिस्टर, ४.७ किलो-ओहमचा एक, १० किलो-ओहमचा एक, एलईडीसाठी ४७० ओहमचे दोन. एक हिरवा आणि एक लाल एलईडी, अॅक्टिव्ह प्रकारचा पाच व्होल्टचा बझर, एक पुश बटन, एक साधा टॉगल स्विच. आयटूसी (दोन तारांवर चालणारं) मॉड्यूल लावलेला सोळा बाय दोनचा एलसीडी. झिरो पीसीबी, बर्ग स्ट्रिप, स्क्रूचे टर्मिनल ब्लॉक आणि प्लॅस्टिकची पेटी. दूरच्या टोकाच्या प्लगसाठी १, २.२, ४.७, १० आणि २२ किलो-ओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर. हे एक टक्का टॉलरन्सचे मिळाले तर उत्तम.

ब्रेडबोर्डवर मांडून पाहायला हरकत नाही, पण कायमचा टेस्टर त्यावर ठेवू नका. ब्रेडबोर्डचे स्प्रिंग सैल होतात, आणि मग केबलचा दोष कुठला आणि टेस्टरचा कुठला हे कळेनासं होतं.

जोडणी

केबलच्या एका टोकाला आपण ‘अ’ म्हणू, दुसऱ्याला ‘ब’. ‘अ’ टोकाच्या सहा वायरी डी२ ते डी७ या पिनांवर येतील. ‘ब’ टोकाच्या पहिल्या पाच डी८ ते डी१२ वर, आणि सहावी ए० वर. ए० हा अॅनालॉग पिन असला तरी डिजिटल म्हणूनही चालतो. प्रत्येक पिन आणि टर्मिनल ब्लॉक यांच्यामध्ये ३३० ओहमचा एक रेझिस्टर टाका. प्रोग्रॅममध्ये काही चुकलं आणि एक पिन पाच व्होल्टवर, दुसरा शून्यावर असे समोरासमोर आले, तर वाटेत दोन रेझिस्टर मिळून ६६० ओहम होतात आणि करंट आठ मिलिअँपिअरच्या आतच राहतो. या चिपच्या एका पिनाची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, म्हणजे धोका नाही.

डी१३ केबलसाठी वापरायचा मोह टाळा. नॅनोवर या पिनाला बोर्डावरचाच एक एलईडी जोडलेला असतो. तो पिनाला खाली ओढतो, त्यामुळे पिन मोकळा असतानाही व्होल्टेज मधेच कुठेतरी अडकतं आणि वाचन भरवशाचं राहत नाही. तिथे लाल एलईडी लावून टाका, आउटपुट म्हणून डी१३ उत्तम चालतो. बटन ए१ वर, बझर ए२ वर, हिरवा एलईडी ए३ वर. एलसीडीच्या दोन तारा ए४ आणि ए५ वर जातील. स्क्रीनवर काही दिसलं नाही तर दोन गोष्टी तपासा: मॉड्यूलच्या मागचा निळा प्रीसेट फिरवून कॉन्ट्रास्ट, आणि प्रोग्रॅममधला पत्ता. हा पत्ता बहुतेक वेळा हेक्स २७ असतो, काहींचा ३एफ.

आता सहाव्या कोरवर, म्हणजे कॉमनवर, ‘अ’ बाजूच्या टर्मिनलपाशी दोन गोष्टी जास्तीच्या जोडा. ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर तिथून पाच व्होल्टला, आणि उरलेला तेरावा ३३० ओहमचा रेझिस्टर तिथून ए६ ला. ए७ ला टॉगल स्विच जोडा. स्विचचं दुसरं टोक ग्राउंडला, आणि १० किलो-ओहमचा रेझिस्टर ए७ पासून पाच व्होल्टला. ए६ आणि ए७ फक्त अॅनालॉग वाचतात, त्यांना आतला पुलअप, म्हणजे पिनाला पाच व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर, नाही, म्हणून हा बाहेरचा द्यावाच लागतो.

वीज यूएसबीवरून घेतली तर सोपं. शेतात पॉवर बँक लावाल तर एक अडचण येऊ शकते: हा टेस्टर इतका कमी करंट घेतो की काही पॉवर बँक काही जोडलेलंच नाही असं समजून आपोआप बंद होतात. त्यापेक्षा नऊ व्होल्टची बॅटरी व्हीआयएन पिनला द्या. पाच व्होल्टच्या पिनला ती कधीही जोडू नका.

प्रोग्रॅमचा गाभा

सगळी युक्ती एका ओळीत सांगता येते: बाराही पिन वर ओढून ठेवा, एकेकाला खाली खेचा, आणि त्याच्यासोबत आणखी कोण खाली आलं ते लिहून घ्या.

सुरुवातीला बाराही पिन ‘इनपुट पुलअप’ करा. चिपमधला २० ते ५० किलो-ओहमचा रेझिस्टर प्रत्येक पिनाला पाच व्होल्टकडे ओढतो, म्हणून मोकळा पिन ‘हाय’ वाचला जातो. आता पहिला पिन आउटपुट करून ‘लो’ करायचा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिजिटलराइटने त्या पिनावर ‘लो’ लिहा आणि नंतर पिनमोडने त्याला आउटपुट करा. उलट केलं तर पुलअपचा ‘हाय’ तसाच राहून पिन क्षणभर पाच व्होल्ट बाहेर फेकतो आणि लांब केबल नको तेव्हा चार्ज होते. पिन खाली आला की थोडं थांबा, उरलेले अकरा पिन वाचा, जो ‘लो’ असेल त्याचा बिट एक करा. मग तो पिन परत ‘इनपुट पुलअप’ करा आणि पुढच्याकडे वळा. अशा बारा फेऱ्या झाल्या की बारा आकडे हाती येतात, प्रत्येक आकडा बारा बिटांचा.

थांबायचं किती? टेबलावरच्या एक-दोन मीटरच्या केबलला एक मिलिसेकंद भरपूर झाला. पण केबलच्या दोन वायरी जवळजवळ धावतात तेव्हा त्यांच्यात मीटरमागे ढोबळमानाने १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (चार्ज साठवून धरण्याची क्षमता) असतो. ३०० मीटरचं अख्खं बंडल दोन्ही टोकं जवळ ठेवून तपासत असाल, तर हा ३० नॅनोफॅरड होतो. ३५ किलो-ओहमच्या पुलअपमधून तो भरायला एका मिलिसेकंदाचा टाइम कॉन्स्टंट लागतो. वायर परत पुरती वर येण्याआधी वाचलं, तर शॉर्ट नसताना शॉर्ट दिसतो. पाच मिलिसेकंद थांबा म्हणजे निश्चिंत. बारा फेऱ्यांचे मिळून ६० मिलिसेकंद, माणसाला जाणवतही नाहीत.

बऱ्याच सोप्या टेस्टरमध्ये ‘अ’ बाजू फक्त खेचते आणि ‘ब’ बाजू फक्त वाचते. पिन तेवढेच लागत असताना अर्धी माहिती का सोडायची? बाराही पिन एकमेकांविरुद्ध तपासले की दोष केबलच्या कुठल्या टोकाला आहे याचाही माग लागतो.

उदाहरण घ्या. ‘अ१’ खाली खेचला. केबल ठीक असेल तर फक्त ‘ब१’ खाली येईल. कोणीच आलं नाही तर एक नंबर तुटली आहे. ‘ब१’ ऐवजी ‘ब२’ आला तर वायरींची अदलाबदल झाली आहे. ‘अ२’, ‘ब१’, ‘ब२’ असे तिन्ही आले तर एक आणि दोन एकमेकींना चिकटल्या आहेत, कुठे ते यावरून कळत नाही. पण समजा ‘अ२’ आणि ‘ब१’ आले आणि ‘ब२’ आला नाही. याचा अर्थ दोन नंबर तुटली आहे, आणि तिचा ‘अ’ बाजूचा तुकडा एक नंबरला टेकला आहे. असा दोष बहुधा कनेक्टरच्या आत असतो: सोल्डर सुटलेली वायर शेजारच्या पिनावर जाऊन पडलेली. सरळ ‘ब’ टोकाचा कनेक्टर उघडा. फक्त समोरासमोरच्या जोड्याच पाहणाऱ्या टेस्टरने इथे ‘दोन नंबर तुटली’ एवढंच सांगितलं असतं, आणि तुम्ही कदाचित चुकीचं टोक उघडून बसला असता.

नमुना केबल शिकवणं

प्रत्येक केबल एकास एक नसते. हार्नेसमध्ये एकच अर्थिंगची वायर तीन ठिकाणी जाते, काही केबल मुद्दाम उलट जोडलेल्या असतात. म्हणून बरोबर केबल कशी असते हे प्रोग्रॅममध्ये कायमचं लिहून ठेवण्यापेक्षा टेस्टरला शिकवणं चांगलं. बटन तीन सेकंद दाबून धरलं की समोरच्या केबलचे बारा आकडे ईईप्रॉममध्ये, म्हणजे चिपच्या वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, साठवायचे. प्रत्येकाला दोन बाइट, एकूण चोवीस. चिपमध्ये १०२४ बाइट असतात, म्हणजे बऱ्याच प्रकारच्या केबल मावतील. साठवताना ‘राइट’ऐवजी ‘अपडेट’ वापरा. ते बदललेला बाइटच लिहितं, आणि ईईप्रॉमच्या एका जागेचं आयुष्य सुमारे एक लाख वेळा लिहिण्याचं आहे.

नमुना केबल मात्र आधी मल्टीमीटरने पूर्ण तपासा, सगळ्या जोड्यांसकट. नमुन्यातच दोष असेल तर टेस्टर तो दोष बरोबर धरून चालेल आणि चांगल्या केबल बाद करेल.

बटन नुसतं दाबलं की तपासणी. बाराही आकडे जुळले तर हिरवा एलईडी आणि एक छोटी बीप. नाही जुळले तर लाल एलईडी, लांब बीप आणि स्क्रीनवर दोषाची वायर. एलसीडीच्या चिपमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, त्यामुळे स्क्रीनवर आकडे आणि खुणा ठेवा. रोज शेकडो केबल तपासणारा माणूस स्क्रीन वाचत बसत नाही, तो कानावर विसंबतो. बझरच्या दोन आवाजांत ठळक फरक हवा.

आणखी एक मोड जरूर ठेवा: सतत तपासणी. टेस्टर न थांबता फेऱ्या मारतो, तुम्ही कनेक्टरच्या मानेपाशी केबल हळूहळू वाकवता. एकदा जरी जुळणी सुटली तर लाल एलईडी पेटतो आणि बटन दाबेपर्यंत पेटलेलाच राहतो. हे ‘पेटलेलाच राहतो’ महत्त्वाचं. वायर आतून तुटलेली पण इन्सुलेशनमुळे टेकून राहिलेली असते, तेव्हा दोष काही मिलिसेकंदच दिसतो. डोळ्याला तो सापडणार नाही. व्हॉल्व्ह किंवा गाडीचा दिवा मात्र नेमका त्यानेच बंद पडतो.

पुरलेली केबल: दुसरं टोक ३०० मीटरवर

शेतातल्या केबलची दोन टोकं एका पेटीजवळ येत नाहीत. त्यासाठी एक छोटा प्लग बनवायचा. त्यात बॅटरी नको, चिप नको, फक्त पाच रेझिस्टर. एक नंबरच्या वायरपासून कॉमनपर्यंत १ किलो-ओहम, दोन नंबरपासून २.२, तीनपासून ४.७, चारपासून १०, पाचपासून २२. सगळ्यांची दुसरी टोकं सहाव्या कोरला एकत्र. हा प्लग बागेच्या टोकाला लावून यायचं आणि टेस्टर पेटीपाशी ‘अ’ बाजूला जोडायचा.

ए७ चा स्विच या मोडवर टाकला की प्रोग्रॅम वेगळं काम करतो. डी२ ते डी७ सगळे साधे ‘इनपुट’, पुलअपशिवाय. मग डी२ ते डी६ पैकी एकच खाली खेचायचा आणि ए६ वर कॉमनचं व्होल्टेज वाचायचं. पाच व्होल्टपासून ४.७ किलो-ओहममधून करंट कॉमनने बागेत जातो, प्लगमधल्या त्या वायरच्या रेझिस्टरमधून परत येतो. रेझिस्टर वेगळा, म्हणून आकडा वेगळा. ० ते १०२३ च्या मापात एक नंबरला साधारण २२५, दोनला ३६०, तीनला ५३०, चारला ७०० आणि पाचला ८४५ यायला हवा. आकड्यांमध्ये शंभराहून जास्त अंतर असल्यामुळे रेझिस्टर थोडे इकडेतिकडे असले तरी घोळ होत नाही.

केबलच्या स्वतःच्या रोधाची काळजी नको. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे २५ ओहम असतो. ३०० मीटर जाऊन परत येताना १५ ओहम, हजारापुढे नगण्य.

आता आकडे बोलायला लागतात. १०२३ च्या आसपास म्हणजे ती वायर तुटली. पाचही वायरी १०२३ दाखवत असतील तर कॉमन तुटली आहे किंवा प्लग लागलाच नाही. ७० च्या आसपास म्हणजे ती वायर वाटेतच कॉमनला चिकटली. दोन आकडे आपापसात बदललेले दिसले तर त्या दोन वायरी मधल्या जॉइंटवर उलट जोडल्या गेल्या आहेत. दोन वायरी एकसारखाच आकडा दाखवतात, आणि तो दोघींच्या अपेक्षित आकड्यांपेक्षा कमी असतो, तेव्हा त्या एकमेकींना शॉर्ट आहेत. एक आणि दोन चिकटल्या तर दोघींचा १८० च्या आसपास येईल. कॉमनच दुसऱ्या कुठल्या वायरशी बदललेली असेल तर यादीत न बसणारे आकडे येतात. उदाहरणार्थ, एक नंबर आणि कॉमन बदलल्या असतील तर दोन नंबर ४४० च्या जवळ जातो.

इथे एक त्रास हमखास होतो. एकाच चारीत बोअरच्या मोटरची थ्री-फेज केबल आणि ही बारीक केबल शेजारी टाकलेल्या असतात. मोटर चालू असताना तिचा ५० हर्ट्झचा प्रभाव या वायरींवर पडतो आणि आकडे नाचायला लागतात. एक मिलिसेकंदाच्या अंतराने २० वाचनं घेऊन सरासरी काढा. ५० हर्ट्झची एक पूर्ण लाट २० मिलिसेकंदांची असल्यामुळे तिचा वरचा आणि खालचा भाग सरासरीत एकमेकांना खाऊन टाकतात. दोन लाटांची, म्हणजे ४० वाचनांची सरासरी आणखी स्थिर. जमत असेल तर मोटर बंद करूनच तपासा.

जोडण्याआधी

हा टेस्टर फक्त वीज नसलेल्या केबलसाठी आहे. आधी कंट्रोलर बंद करून त्याच्या टर्मिनलवरून केबल पूर्ण सोडवा, आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रत्येक दोन वायरींमध्ये, तसंच प्रत्येक वायर आणि जमिनीत व्होल्टेज नाही याची खात्री करा. सोलेनॉइड व्हॉल्व्ह सहसा २४ व्होल्ट एसीचे असतात. ३३० ओहमचे रेझिस्टर चुकीच्या प्रोग्रॅमपासून वाचवतात, २४ व्होल्टपासून नाही, आणि स्टार्टरमधल्या मेन लाइनपासून तर मुळीच नाही. मोटरच्या केबलला हा टेस्टर लावायचा असेल तर स्टार्टरपासून केबल सुटी केल्याशिवाय हात लावू नका. आभाळात विजा चमकत असतील तर पुरलेल्या केबलचं काम त्या दिवशी करायचंच नाही. वळवाच्या दिवसांत हे कटाक्षाने पाळा.

दूरच्या टोकाला व्हॉल्व्हही सोडवा. व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध इतका कमी असतो की जोडलेला व्हॉल्व्ह टेस्टरला कॉमनशी शॉर्टच वाटतो.

टेस्टरची परीक्षा

तयार झालेल्या टेस्टरवर लगेच विश्वास ठेवू नका. हातभर लांबीचे केबलचे पाच तुकडे घ्या आणि त्यातले चार मुद्दाम बिघडवा. एक अगदी चांगला. दुसऱ्यात तीन नंबर कापलेली. तिसऱ्यात एक-दोन सोल्डरने जोडलेल्या. चौथ्यात चार-पाचची अदलाबदल. पाचव्यात दोन नंबर ‘ब’ टोकाशी कापून तिचा ‘अ’ बाजूचा तुकडा एक नंबरला टेकवलेला. प्रत्येकावर स्क्रीनने नेमका तोच दोष सांगितला पाहिजे. हे पाच तुकडे लेबल लावून पेटीतच ठेवा. युनिटमध्ये रोज सकाळी पहिली केबल तपासायच्या आधी हे पाच फिरवून घ्यायचे. टर्मिनलचा स्क्रू सैल झाला असेल तर तो इथेच पकडला जातो.

टेस्टरला काय कळत नाही, हेही लक्षात ठेवा. पुलअप इतका मोठा आहे की गंजलेल्या जॉइंटचा रोध पाच हजार ओहम असला तरी पहिला मोड त्याला ‘ठीक’ म्हणतो. व्हॉल्व्ह मात्र अशा वायरवर उघडणार नाही. म्हणून पुरलेल्या केबलचं निदान झाल्यावर दूरच्या टोकाला एकेक वायर कॉमनशी थेट जोडून जवळून मल्टीमीटरने ओहम मोजा. ३०० मीटरला १५ च्या आसपास यायला हवेत. चार वायरी १५ दाखवतात आणि एक ४०, तर त्या एकीच्या वाटेतला जॉइंट उघडा. इन्सुलेशन ओलं झालं आहे का, हे पाच व्होल्टवर दिसत नाही. त्यासाठी मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर) लागतो, आणि मेगर लावताना टेस्टर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह तिन्ही सुटे हवेत. मेगर शेकडो व्होल्ट सोडतो, नॅनो एका दाबात जाईल.

जास्त कोर हवे असतील तर

चोवीस कोरसाठी ४८ पिन लागतात. सर्वांत सरळ मार्ग आर्डुइनो मेगा २५६० चा. त्यावर ५४ डिजिटल आणि १६ अॅनालॉग पिन आहेत, प्रोग्रॅममध्ये फक्त पिनांची यादी वाढवायची. एक गोष्ट मात्र बदला: पिनापुढचे रेझिस्टर ३३० ऐवजी १०० ओहमचे घ्या. खूप वायरी एकत्र चिकटल्या तर त्या सगळ्यांचे पुलअप एकाच वेळी वर ओढतात. ३३० ओहममधून खेचणारा पिन त्यांना पुरेसं खाली आणू शकत नाही, आणि सगळ्यात मोठा शॉर्टच नजरेतून सुटतो.

दुसरा मार्ग नॅनोच ठेवून एमसीपी२३०१७ ही पोर्ट वाढवणारी चिप वापरण्याचा. एका चिपवर १६ पिन, आणि एकाच दोन तारांवर आठ चिप चालतात. तिच्या दोन्ही पोर्टांचा शेवटचा पिन, म्हणजे जीपीए७ आणि जीपीबी७, नव्या डेटाशीटप्रमाणे फक्त आउटपुटसाठी आहे. ते दोन्ही केबलला लावू नका, १४ च धरून चाला. चोवीस कोरला चार चिप लागतील. तिचा आतला पुलअप १०० किलो-ओहमचा, म्हणजे कमजोर आहे. प्रत्येक पिनाला बाहेरून १० किलो-ओहम दिला तर लांब केबलवरही वाचन ठाम येतं.

हार्नेसवाल्यांनी टेस्टरच्या पेटीवर थेट कनेक्टर बसवू नये. दिवसाला शेकडो वेळा लावून-काढून त्याची क्लिप सैल होते आणि मग अख्खी पेटी उघडावी लागते. पेटीवर टर्मिनल ब्लॉक ठेवा, त्यातून वीतभर वायर काढून तिच्या टोकाला कनेक्टर लावा, आणि अशी एक जादा वायर तयार करून खणात ठेवा. कनेक्टर झिजला की दोन मिनिटांत बदलून काम पुढे चालू.